अंगकोर की बोरोबुदुर? तिकिटं काढायच्या आधी

आठवडाभराची रजा आणि देवळं-लेण्यांची आवड एवढं जमून आलं, की मुंबईच्या माणसापुढे बहुतेक वेळा हीच दोन नावं येतात: कंबोडियातलं अंगकोर, नाहीतर जावातलं बोरोबुदुर आणि त्याच फेरीत होणारं प्रंबानन. मी दोन्ही केली आहेत. जावा आधी, मे महिन्यात, सासूबाईंना घेऊन. अंगकोर नंतर, डिसेंबरात, आम्ही दोघंच. दोन्हीकडे जाताना मध्ये विमान बदलावं लागलं, त्यामुळे प्रवासाच्या दगदगीत उजवं-डावं करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

पहिली चाळणी रजेची. मुलांच्या शाळेमुळे मे महिनाच मोकळा असेल तर फार घोळ घालू नका, जावा करा. तिकडे तेव्हा कोरडा मोसम लागलेला असतो. कंबोडियात मात्र एप्रिल-मे म्हणजे दगड नुसते तापलेले असतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कधीही जमत असेल तर गणित उलटं होतं, कारण जावातला पाऊस तेव्हाच असतो.

जावाच्या बाजूने सगळ्यात भक्कम गोष्ट म्हणजे प्रंबानन. नवव्या शतकातलं काम, मधलं शिवमंदिर 47 मीटर उंच. कठड्याच्या आतल्या अंगाला रामायण कोरलंय. ते शंकराच्या देवळात सुरू होतं आणि शेजारच्या ब्रह्मदेवाच्या देवळात पुरं होतं, प्रदक्षिणा घालत घालत वाचायचं. वानर समुद्रात दगड टाकताहेत आणि खाली मासे आहेत, हा सेतूचा पट्ट सासूबाईंनी कोणी न सांगता ओळखला आणि हात जोडले. कोरड्या मोसमात संध्याकाळी देवळांच्या साक्षीने उघड्यावर रामायणाचं नृत्यनाट्य होतं, 1961 पासून. बरोबर वडीलधारी माणसं असतील तर एवढ्यासाठीसुद्धा जावा करावं.

बोरोबुदुरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं पारडं तिथेच फिरलं.

बोरोबुदुर चालत वाचायचं असतं. एकावर एक सज्जे, आणि त्यांच्या भिंतींवर मिळून 1,460 कथापट्ट. पहिल्याच सज्ज्यात बुद्धाचं चरित्र 120 पट्टांत येतं, तुषित स्वर्गातून उतरण्यापासून सारनाथच्या पहिल्या उपदेशापर्यंत. वर जाल तशा कथा मागे पडतात, आणि शेवटी मोकळ्या आभाळाखाली 72 जाळीदार स्तूप उरतात. बांधणाऱ्यांनी माणसाच्या पावलांचा वेग धरूनच हे रचलंय.

आता वर चढायचं तर ठराविक वेळेचं वेगळं तिकीट लागतं, गटाबरोबर वाटाड्या असतो, आणि पायात तिथेच मिळणाऱ्या विणलेल्या चपला घालाव्या लागतात. या चपलांना ‘उपानत’ म्हणतात. आपला संस्कृत ‘उपानह्’ तिथे रोजच्या वापरात भेटला याचा मला फार आनंद झाला. केवड्याच्या कुळातल्या पानांच्या, पायाला मऊ, आणि घरी आणता येतात. नियम का केले तेही पटतं. बुटांनी पायऱ्या झिजत होत्या, आणि दगड वाचला पाहिजे यात वादच नाही. पण वर आमच्या वाट्याला आला जेमतेम तासभर. पहिल्या सज्ज्यात जहाजांचे पट्ट आहेत: शिडं फुगलेली, तोल सांभाळायला कडेला बांधलेली लाकडं, दोरांवर चढलेले खलाशी. माझं आजोळ मालवणचं, तिथून पाय निघेना. दोर कुठून कुठे गेलेत ते बघत होतो, तोवर आमचा गट जिना चढून गेला आणि वाटाड्याची हाक आली. त्याची काही चूक नव्हती, मागे पुढचा गट उभा होता. बुद्धचरित्राचे वीसेक पट्ट धड पाहिले असतील, बाकीचे चालता चालता डोळ्यांखालून गेले. खाली आल्यावर परत वर जाता येत नाही. ती रुखरुख अजून आहे. नियम बदलत असतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या. वर थांबायला जास्त वेळ मिळत असेल तर माझा हा मुद्दा बराच हलका होईल.

अंगकोरला उणं काहीच नाही असं नाही. नवा विमानतळ सिएम रीप या मुक्कामाच्या गावापासून दूर आहे, अंगकोर वाट या तिथल्या मुख्य देवळाचा वरच्या गाभाऱ्याकडचा जिना गुडघ्यांची परीक्षा बघतो, जराशी फाटलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही. तीन दिवसांचा पास 62 डॉलरचा, तोही आधी डोळ्यांत येतो. पण ते तीन दिवस दहा दिवसांत कधीही वापरता येतात, आणि एकाच देवळात कितीदा गेलात हे कोणी विचारत नाही.

याचा फायदा अंगकोर वाटमधल्या समुद्रमंथनाच्या पट्टापाशी कळला. 49 मीटर लांब पट्ट, एकीकडे 92 असुर, दुसरीकडे 88 देव, मध्ये विष्णू, आणि शेपटाच्या टोकाशी चक्क हनुमान. पहिल्या दिवशी दुपारी गेलो तर सगळं सपाट दिसलं. दुसऱ्या दिवशी सूर्योदय बघून तळ्याकाठची गर्दी नाश्त्याला पांगली, तसे आम्ही मागच्या पूर्वेच्या सज्ज्यात गेलो. कोवळं ऊन तिरपं आत आलं होतं. वासुकीला धरलेल्या एकेका मुठीखाली सावली पडली होती आणि ओढणाऱ्यांच्या पोटऱ्यांचा ताण दिसत होता. तोच दगड, फक्त वेळ वेगळी.

जेवणाचं थोडक्यात: शाकाहाऱ्यांना जावात टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि फणसाचं गोडसर गुडेग यांवर निभावता येतं. मासे खाणाऱ्याने कंबोडियात केळीच्या पानातला आमोक सोडू नये.

तुमच्याबरोबर थकलेली माणसं असतील, किंवा मे महिनाच हाती असेल, तर जावाच बरं, असं मी अजूनही म्हणेन. एरवी अंगकोर, आणि तिसरा दिवस बांते स्रेईसाठी राखून ठेवा. गावापासून तासाभरावर, सन 967 मधलं छोटंसं गुलाबी दगडाचं देऊळ. तिथे एका त्रिकोणी शिल्पात रावण कैलास हलवतोय. हाच प्रसंग आपल्या घारापुरीत भंगलेला आहे आणि वेरूळला भव्य आहे. इथे तो हातभर जवळून, दागिन्यासारखा कोरलेला. वर पार्वती शंकराला बिलगलेली, मध्ये घाबरलेले ऋषी, अगदी खाली हत्ती आणि सिंह पळताहेत. आम्ही त्याच्यासमोर पाऊण तास होतो. कोणाची हाक आली नाही. आमचा टुकटुकवाला बाहेर आपल्या गाडीतच झोळी बांधून झोपला होता.