धावायची व्हेस्ट: जोडीनं सिंहगड-राजगड-तोरणा करतानाचा अनुभव

दोघींनी मिळून लांबचं ट्रेल, म्हणजे डोंगरवाट, धावायचं असेल तर पाणी पाठीवर नको, छातीवर हवं. पहिल्या पावसापासून थंडी सरेपर्यंत दहा लिटरची व्हेस्ट, म्हणजे पाणी-सामान ठेवायला जाकिटासारखी अंगावर घालायची पिशवी, वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. वजनाचा किंवा आरामाचा मुद्दा नंतर येतो. छातीवरच्या बाटलीत किती पाणी उरलंय हे सोबतच्या माणसाला दिसतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मी आणि माझी मैत्रीण सिंहगडावरून निघून राजगड आणि तिथून तोरणा असं धावलो. किल्ल्यांच्या पायथ्याच्या वाड्यांमधून लांबच्या हायस्कूलला पायी जाणाऱ्या मुलींना सायकली देणारी एक संस्था आहे, तिच्यासाठी देणग्या गोळा करायच्या होत्या. सराव आधी सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीच्या वाटेनं आणि नंतर कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत. त्या टेकड्यांवर पाण्याचा थेंब मिळत नाही, त्यामुळे व्हेस्टची खरी परीक्षा तिथेच झाली.

व्हेस्टला पुढे अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या बसतात. मागे दीड लिटरची नळीवाली पिशवी ठेवायला कप्पा आहे. सुरुवातीला आम्ही दोघी नळीच वापरत होतो. नळीतून किती प्यायलो याचा पत्ताच लागत नाही. धावणारीलाही नाही आणि तिच्या मागून येणारीलाही नाही. पाणी संपतं तेव्हा एकदम हवा ओढली जाते, आणि नेमकं तेव्हा आपण डोंगराच्या एखाद्या उघड्या धारेवर असतो. बाटल्या पुढे आणल्या आणि हा प्रश्नच मिटला.

राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याकडे जाणारी धार ज्यांनी केलीय त्यांना तिथलं ऊन माहीत असेल. जानेवारीतही दुपारी सावलीला झाड शोधावं लागतं. मधे डांबरी रस्ता ओलांडला आणि मी मैत्रिणीच्या छातीकडे पाहिलं. तिची उजवी बाटली संजीवनी माची सोडताना होती तशीच टम्म फुगलेली. "पीत का नाहीयेस?" विचारलं तर म्हणाली, "प्यायचंय गं, पण मळमळतंय." आम्ही बसलो. बाटलीत ओआरएस घातलं आणि तिला घोट घोट घ्यायला लावलं. ती चालती झाली तेव्हा तोरण्याच्या बुधला माचीची चढण समोरच होती. तिच्याकडे नळी असती तर मला कळलं असतं ते ती खाली बसल्यावरच.

ओआरएसबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. नेहमीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, २०.५ ग्रॅमचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते अख्खं ओतलं तर द्रावण दुप्पट घट्ट होतं, तहान वाढते आणि पोट आणखी बिघडतं. आम्ही अर्ध्या अर्ध्या पाकिटाच्या पुड्या घरीच बांधून नेल्या होत्या. एका बाटलीत ओआरएस आणि दुसरीत साधं पाणी, ही वाटणी दोघींचीही सारखी. घामातून मीठ जात असताना तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहणं धोक्याचं असतं. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकं दुखतं, भान हरपायला लागतं, आणि सोबतच्यांना वाटतं पाणी कमी पडलंय.

विकत घेताना दोघींच्या बाटल्यांची झाकणं एकाच मापाची घ्या. बाजारात मुख्यतः २८ आणि ४२ मिलीमीटर अशी दोन मापं मिळतात. मी ४२ घेईन. तोंड मोठं असल्यानं टाक्यावर पटकन भरते, आत ब्रश जातो, आणि या मापाच्या झाकणाजागी फिरकीनं बसणारे फिल्टर मिळतात. मात्र हे पोकळ धाग्यांचे फिल्टर जिवाणू अडवतात, विषाणू नाही. त्यामुळे राजगडावर पद्मावती माचीवर भरलेल्या पाण्यात आम्ही क्लोरीनची गोळीही टाकली आणि अर्धा तास थांबून मगच प्यायलो. तेवढ्या वेळात गूळपोळी खाऊन झाली.

आता बसण्याबद्दल. दुकानात रिकामी व्हेस्ट घालून बघण्यात काही अर्थ नाही. बाटल्या भरून घाला, जागच्या जागी उड्या मारा, जिन्यावरून धावत उतरा. बायकांसाठी हे फारच महत्त्वाचं आहे. पुरुषांच्या मापाच्या व्हेस्टमध्ये भरलेल्या बाटल्या नको तिथे आदळतात, आणि पट्टे आवळले की श्वास अडतो. पुढचे दोन्ही पट्टे वरखाली सरकवता येणारी व्हेस्ट बघा. माझी गळ्याच्या हाडाशी घासायची. तिथे आणि काखेखाली व्हॅसलीन लावल्यावर त्रास थांबला.

टिकाऊपणाला मी दहापैकी सहा देईन. करवंदीच्या जाळीत मागची जाळीदार खिशाची बाजू फाटली. बॅग दुरुस्तीवाल्यानं नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून दिली, ती शिवण अजून पक्की आहे. छोट्या खिशाची चेन घामाच्या मिठानं अडकायला लागलीय. पावसाळ्यात कापडाला बुरशीचा वास धरतो, म्हणून घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढून पंख्याखाली टांगायची. बाटल्या धुऊन, पूर्ण निथळवून फ्रीजरमध्ये ठेवल्या की आत काळे ठिपके धरत नाहीत. व्हेस्टची शिट्टी मात्र उत्तम आहे. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाकडे धुक्यात दोघींची चुकामूक झाली तेव्हा शिट्टीचा आवाज हाकेपेक्षा कितीतरी लांब गेला.

पाठीवरच्या भागाचा आम्हाला आणखी एक उपयोग झाला. संस्थेचा क्यूआर कोड कापडावर छापून घेतला आणि दोघींच्या व्हेस्टवर मागे टाचला. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला आलेली माणसं रांगेत उभ्या उभ्या स्कॅन करायची, मुलींच्या शाळेबद्दल विचारायची. असं करणार असाल तर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, स्वतःच्या नाही. नुसत्या यूपीआयनं आलेल्या पैशांमागे देणगीदाराची माहिती येत नाही, आणि देणगीवरच्या आयकर सवलतीच्या प्रमाणपत्रासाठी नाव, पत्ता, पॅन किंवा आधार लागतं. म्हणून आमच्या कापडावर दोन कोड होते, एक थेट देणगीचा आणि दुसरा संस्थेच्या अर्जाचा. मोठी देणगी देणाऱ्यांना आम्ही आधीच सांगायचो की दोन हजारांपुढची रोख देणगी सवलतीला चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळतच नाही. हे ऐकूनही बहुतेकांनी पैसे दिले.

व्हेस्ट, बूट, प्रवास, फिल्टर हा सगळा खर्च आम्ही आमच्या पगारातून केला. देणगीचा एकही रुपया सामानाकडे वळता कामा नये, याबाबत आमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं, आणि देणगीदारांना ते आम्ही लिहून कळवलं होतं.

तुम्ही फक्त सकाळी आतकरवाडीतून वर जाऊन खाली येणार असाल तर ही व्हेस्ट घेऊ नका. हातात अर्ध्या लिटरची बाटली पुरते, वर देवटाक्याचं पाणी आहे, ताक मिळतं. राजगड-तोरण्याची धार किंवा कात्रज-सिंहगड जोडीनं करायचं असेल तर मात्र जरूर घ्या, आणि सोबतीलाही त्याच झाकणाच्या मापाची घ्यायला लावा.