घड्याळ लावायचं की शत्रूचा बेत दाखवायचा?

पाळीपाळीने चाली करायचा गेम बनवणाऱ्याला एक शेरा हमखास ऐकायला मिळतो: 'लढाई फार रेंगाळते.' त्यावर दोन उपाय समोर येतात. चालींना मर्यादा घालायची, म्हणजे घड्याळ लावायचं, किंवा शत्रू पुढे काय करणार ते आधीच दाखवायचं. हे लवकर ठरवा. उशिरा बदललंत तर सगळे टप्पे नव्याने तोलावे लागतात.

पहिल्या वाटेचं ठळक उदाहरण म्हणजे 'एक्सकॉम २' (२०१६). आधीच्या भागात बरेच खेळाडू दोन पावलं टाकायचे, आडोशाला बसायचे आणि बंदूक रोखून वाट बघायचे. जिंकायला सोयीचं, खेळायला कंटाळवाणं. म्हणून गेम बनवणाऱ्या फिरॅक्सिस कंपनीने अनेक मोहिमांना चालींची मर्यादा घातली. लोकांना पुढे सरकावंच लागलं. पण ओरडही झाली, मर्यादा काढून टाकणारे मॉडही (खेळाडूंनी स्वतः बनवलेले गेममधले बदल) आले. मला जास्त बोलका वाटतो तो त्याच वर्षी मार्चमध्ये आलेला 'झिप मोड': हालचाली जलद झाल्या, मधले थांबे कमी झाले. खेळाडूचं रेंगाळणं वेगळं आणि गेमने त्याला ताटकळत ठेवणं वेगळं.

दुसरी वाट 'इन्टू द ब्रीच'ची (२०१८). आठ बाय आठ घरांचा पट, तुमची तीन यंत्रं. शत्रू कुठल्या घरावर वार करणार ते आधीच दिसतं. त्याला एक घर सरकवलं की तोच वार त्याच्या साथीदारावर पडू शकतो. मोजक्या चालींची मर्यादा इथेही आहे, पण ती तुमच्या बाजूची आहे. तेवढ्या चाली तग धरायचा, की लढाई संपते. एकेका चालीवर पाच-पाच मिनिटं डोकं खाजवूनही मला ती लढाई कधी लांबलेली वाटली नाही.

का, ते सांगलीत सांगायला सोपं जातं. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या बुद्धिबळाच्या गावात कुणालाही विचारा: समोरच्याचं घड्याळ चालू असतानाही आपलं डोकं चालूच असतं. गेममध्ये मात्र शत्रूची पाळी आली की नुसतं बघत बसायचं. बेत आधी दाखवला, तर त्याच पाळीत आपला डाव जमला की फसला ते कळतं.

आमच्या मोबाईल गेमची चाचणी विश्रामबागेतल्या मित्राच्या खोलीवर घेतली. नववीतला एक मुलगा खेळत होता. शत्रूचे सहा सैनिक एकामागून एक चालत यायचे. तिसरा निघाला तसा त्याने फोन गादीवर ठेवला आणि भडंगाची वाटी पुढे ओढली. नंतर म्हणाला, "दादा, सैनिक कमी करा." वेळ मोजला, तर त्याच्या विचारापेक्षा शत्रूच्या चालण्यालाच जास्त वेळ जात होता. आम्ही सहाच्या सहा ठेवले, फक्त एकदम हलवले. पुढच्या खेपेला लढाई संपेपर्यंत फोन त्याच्या हातातच होता. खेळाडूची तक्रार खरी धरा. उपाय त्याच्या हातांकडे बघून शोधा.

दोन-तीन जणांची टीम असेल तर मी बेत दाखवायलाच सांगेन. मात्र मग प्रत्येक आकडा चोख हवा. दाखवलेला वार एकदा जरी चुकला तरी खेळाडूचा विश्वास उडतो. भीती आणि अंदाज हाच तुमच्या गेमचा जीव असेल तर ही वाट सोडा. आणि घड्याळ लावायचंच असेल, तर त्याला कथेत कारण द्या, पूर चढतोय, पूल बुडायला चार चाली उरल्यात असं काही, आणि ते सैल करायची सोय सेटिंगमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.