रिकम्बंटचं हँडल अंगाला बसेपर्यंत : आठ महिन्यांचा अनुभव

पाठीच्या दुखण्यापायी आठ महिन्यांपूर्वी मी जुनी रिकम्बंट घेतली. आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसून, पाय पुढे करून चालवायची ही सायकल; माझ्या सायकलीचं हँडल छातीसमोर येतं. आठवड्यातून तीनदा पडेगाव, मिटमिटा करत दौलताबादपर्यंत जाऊन येतो. पाठीला पहिल्याच दिवशी बरं वाटलं. पण महिनाभरात मान आणि खांदे इतके भरून यायला लागले की ही सायकल विकून टाकावी असं वाटलं.

साध्या सायकलवर अंगाचा भार तळहातांवर येतो, इथे तो पाठीवर आणि बैठकीवर असतो. तेव्हा हँडल कुठेही असलं तरी काय बिघडतं, असं मी धरून चाललो होतो. आमच्या मिस्त्रीचाचांनी गल्लीत दोन चकरा मारायला लावल्या आणि म्हणाले, "सर, तुम्ही पाठ टेकतच नाहीत की. हँडल धरायला पुढं कामून येता?" खरंच होतं. हँडल चार बोटं लांब पडत होतं, आणि तेवढ्यासाठी मी तासभर खांदे सीटवरून उचलून बसत होतो.

मग स्टेम, म्हणजे हँडलला सायकलीशी जोडणारा दांडा, मागे ओढला. हात आला, पण गुडघे आले आड. मिटमिट्याजवळ वळून परतताना उजवा गुडघा हँडलला अडकला आणि मी आडवा झालो, कोपर सोलवटलं. हँडल वर घेतलं तर समोरचा रस्ता झाकला जायला लागला. आपल्याकडच्या रस्त्यावर चाकापुढचा खड्डा दिसला नाही तर काही खरं नाही. शिवाय मागे येणारा स्टेम जितका लांब, तितकं हँडल नावेच्या सुकाणूसारखं डावीउजवीकडे झुलतं. वेगात ते जाणवत नाही, पण बाजारच्या गर्दीत हळू चालवताना फार जाणवतं.

शेवटी चाचांनी उलटा क्रम लावला. आधी पेडलचं अंतर, मग सीटचा कल, आणि स्टेम सगळ्यात शेवटी. सीट थोडी उभी केली तसं निम्मं अंतर आपोआप मिटलं. स्टेम जेमतेम दीड सेंटिमीटर मागे घेतला. कोपर किंचित वाकलेलं, मनगट सरळ, आणि पूर्ण वळवलं तरी गुडघा आणि हँडल यांत दोन बोटांची फट. एका वेळी एकच बदल करायचा, नळीवर नेलपॉलिशची रेघ मारायची आणि दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय पुन्हा हात लावायचा नाही, हे मी कटाक्षाने पाळलं. मनगटातही कळ यायची, ती तर नुसतं हँडल क्लॅम्पमध्ये, म्हणजे ते घट्ट धरणाऱ्या पकडीत, जरासं फिरवल्यावर गेली.

केबलकडे मात्र माझं दुर्लक्ष झालं. स्टेम हलवल्यावर मागच्या ब्रेकची केबल आखूड पडली आणि पूर्ण डावीकडे वळलं की ब्रेक आपोआप लागायचा. कव्हरसकट लांब केबल टाकावी लागली. स्टेम हलवाल तेव्हा सायकल उभी ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघाच. बोल्टही अंदाजाने आवळू नका. किती जोराने आवळायचं ते माझ्या स्टेमवर ५ न्यूटन-मीटर असं छापलंय. तेवढाच जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना आणण्याआधी एका खड्ड्यात हँडल क्लॅम्पमध्ये फिरून माझ्या छातीवर आलं होतं.

आता दौलताबादहून खुलताबादचा घाट चढतो तेव्हाही पाठ सीटला टेकलेली असते. चढावर जोर लावताना हँडल ओढायची सवय अजून पुरती गेलेली नाही. डावा खांदा त्या वळणांवर थोडा धरतो. पुढच्या आठवड्यात ग्रिप अर्धा इंच आत घेऊन बघणार आहे.