स्टेक सॅलड: फ्लँक की सरलॉइन, पीच की अननस?

सॅलडमधला स्टेक कोणी वाफाळता खात नाही. ग्रिलवरून उतरवून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग कापायचा. पानांवर येईतो तो कोमट झालेला असतो. म्हणून रिबाय, म्हणजे बीफचा बरगडीकडचा चरबीदार तुकडा, मी आधीच बाद केला. एरवी त्याला तोड नाही, पण त्यातली चरबी गार झाली की डालड्यासारखी टाळूला चिकटते. उरतात दोघे: फ्लँक आणि टॉप सरलॉइन.

फ्लँक म्हणजे पोटाकडचा चपटा तुकडा. चरबी कमी, चव दणकट, आणि धागे इतके लांब की कच्च्या मांसावरही स्पष्ट दिसतात. ते आडवे छेदत पातळ काप काढले तर मांस मऊ लागतं, धाग्यांच्या दिशेनं सुरी चालवली तर वातड. पहिल्या खेपेला मी नेमकं तेच केलं. पाहुणे बिचारे चावत बसले, गप्पाच थांबल्या. अख्खा तुकडा साधारण दीड-दोन पाऊंड भरतो, चार-पाच जणांचं सहज भागतं. लिंबू, लसूण, मिरपूड आणि तेलात दोन तास मुरवला की झालं. त्याचं एक टोक पातळ असल्यानं आधी शिजतं. ‘आतून गुलाबी नको’ म्हणणारं कोणी ना कोणी असतंच, ते टोक त्यांच्या वाट्याचं.

सरलॉइन कमरेकडचा. जाड, आटोपशीर, मुरवायची गरज नाही, मीठ-मिरपूड पुरे. कापताना थोडं चुकलं तरी सांभाळून घेतो. दोघांपुरतंच करायचं असेल किंवा ग्रिलवर हात बसला नसेल तर तोच आणा. खोट एवढीच की काप आखूड नि जाडसर पडतात, काट्यावर एक तर मांस येतं नाहीतर पान.

आतल्या तापमानाचं म्हणाल तर १३० ते १३५ अंश फॅरनहाइटला स्टेक मिडियम रेअर, म्हणजे आतून गुलाबी, होतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला मात्र १४५ अंश आणि नंतर ३ मिनिटं विश्रांती असा आहे. त्याच्याही वर न्यायचा असेल तर सरलॉइनच घ्या, फ्लँकचं तिथं रबर होतं.

माझं मत फ्लँकला, पण फळ कुठलं घेताय त्यावरही बरंच ठरतं.

अननसाचा मोह मलाही पडला होता. जाळीवर त्याची साखर करपून सुरेख रंग येतो, ते खरंच. पण उरलेला रस वाया कशाला घालवायचा म्हणून मी त्यात फ्लँक रात्रभर मुरवला. सकाळी वरचा थर बोटानं खरवडला तर पिठल्यासारखा सुटून आला. कबाबाच्या मटणाला आपण कच्ची पपई लावतो, तोच प्रकार: ताज्या अननसातलं ब्रोमेलिन मांसातली प्रथिनं तोडतं. तेव्हा अननस ताटात घाला, मुरवणात नको.

पीचला असली भानगड नाही. इथे न्यू जर्सीत जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या शेतावरच्या टपरीत मिळतात, ते किंचित कडक असतानाच घ्या. पिकून मऊ झालेला पीच जाळीतून गळतो. विचारून घ्या, बाठा सहज सुटणारी जात हवी. नाहीतर अर्ध करताना फळाचा चेंदा होतो. कापलेली बाजू तेलाचा हात लावून खाली, तीन-चार मिनिटं. अरुगुलाच्या पानांचा कडवटपणा, फेटा चीजचा खारटपणा आणि हा गोडवा यांचं छान जमतं.

स्ट्रॉबेरी कच्चीच घालायची, कष्ट शून्य, पण मांसाशेजारी ती जरा पाहुण्यासारखी वाटते. हापूसला मात्र जाळीवर ठेवू नका, एवढ्या लांबून विमानानं येतो बिचारा.

स्टेक उरलाच तर फ्लँकचे थंड काप दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून डब्यात नेता येतात. पीच तेवढा संपवून टाका, रात्रभर पाणी सोडून पानांचा लगदा करतो.