मँटा जाळी की बादली? खाडीतलं मायक्रोप्लास्टिक मोजण्याआधी

समजा, कोकणातल्या एखाद्या खाडीच्या तोंडाशी पाण्यावर तरंगणारं मायक्रोप्लास्टिक, म्हणजे 5 मिलिमीटरहून लहान कण, मोजायचे आहेत. हाताशी भाड्याची होडी आणि दोन दिवस. मग मँटा जाळी ओढायची की बादलीने पाणी भरून चाळायचं?

मँटा म्हणजे पाकट माशासारखे दोन पंख असलेली चौकट आणि तिच्यामागे लांब पिशवी, भोकं साधारण 330 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तोंड 60 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर पाण्यात बुडालेलं धरा. 2 नॉटच्या वेगाने 20 मिनिटं ओढली तर सुमारे 110 घनमीटर, म्हणजे लाखाहून जास्त लिटर पाणी गाळून निघतं. मात्र हा हिशेब कागदावरचा. लाटेवर तोंड हवेत उचललं जातं, गढूळ पाण्यात कचरा आणि प्लवकांनी जाळी तुंबते. तोंडाशी प्रवाहमापक, म्हणजे खरोखर किती पाणी आत गेलं ते मोजणारं यंत्र, नसेल तर मँटा आणूच नका. जाळी होडीच्या बाजूने, फेसाबाहेर ओढायची हे तांडेलाला आधीच सांगून ठेवा. वाऱ्याच्या दिवशी तर जाऊच नये. हलके कण खाली घुसळले जातात आणि पाणी उगाच स्वच्छ दिसतं.

मँटाची खरी खोट धाग्यांत आहे. कपड्यांचे तंतू जाडीला 10-20 मायक्रॉन, ते उभे होऊन भोकातून निसटतात. बादलीतलं पाणी बारीक चाळणीतून गाळलं तर ते हाती लागतात. पण 20 लिटरमध्ये 4 कण सापडले, तर घनमीटरला 200. त्या 4 च्या जागी योगायोगाने 2 किंवा 6 निघणं सहज शक्य. मग उत्तर 100 की 300? म्हणून एका ठिकाणी एक बादली म्हणजे काहीच नाही. निदान दहा तरी भरा. पंप मिळाला तर हाच त्रास कमी होतो, फक्त त्याची नळी प्लास्टिकची नको.

बादलीचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या. नद्या कचरा आणतात तो नेमका याच दिवसांत. तेव्हा पुलावरून दोरीने सोडलेली स्टीलची बादलीच कामाला येते. दोरी सुती हवी. माझ्या पहिल्या नमुन्यांत निळे धागे भरपूर निघाले, दोन दिवस खुशीत होतो. मग होडीवरच्या नायलॉनच्या दोराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तोच निळा! तेव्हापासून दोर, होडीचा रंग आणि अंगातला कुर्ता यांचेही नमुने ठेवतो, आणि काम चालू असताना शेजारी ओला गाळणकागद उघडा ठेवून त्यावर काय पडतं ते मोजतो.

प्रयोगशाळेतलं काम दोन्हीकडे सारखंच: हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय गाळ जाळायचा, मिठाच्या संपृक्त पाण्यात कण तरंगवायचे. पॉलिथिन वर येतं, पॉलिएस्टर बुडतं. धागे शोधत असाल तर झिंक क्लोराइडचा खर्च धरा, त्याच्या जड द्रावणात पॉलिएस्टरही तरंगतं. नुसत्या डोळ्यांनी केलेली मोजणी मी मानत नाही, थोडे तरी कण एफटीआयआरखाली, म्हणजे अवरक्त प्रकाशाने प्लास्टिकची जात ओळखणाऱ्या यंत्राखाली, जायलाच हवेत.

माझं मत विचाराल तर, इतर समुद्रांच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर मँटा घ्या. खाडीत सांडपाण्यातून काय येतं हे बघायचं असेल तर बादली. फक्त दोन्हींचे आकडे एकाच आलेखावर काढू नका.