ऑपरेशनला चार तारे, नंतरच्या सेवेला एक

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात माझी वजन कमी करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करतात ती. सर्जनचा हात उत्तम, नर्सेस मायाळू. रडकथा सुरू झाली ती घरी आल्यावर. मुगाचं पातळ कढणही पोटात ठरेना. फोन केला की समन्वयक मॅडमचं ठरलेलं उत्तर, "तुम्ही घाईघाईने खाताय, घोट घोट घ्या." अहो बाई, घोटच तर उलटून पडतोय!

उलट्यांच्या वेळा, नाडीचे ठोके, लघवीचा रंग असं सगळं वहीत टिपलं आणि थेट ओपीडीत जाऊन बसले. "उद्या या" म्हणाले. म्हटलं, "आज तपासणार नाही असं केसपेपरवर लिहून सही द्या." लगेच आत बोलावलं! बेरियम पाजून एक्स-रे काढला, तर जठर मधेच आवळलेलं. एन्डोस्कोपीतून फुगा घालून ते रुंद केलं.

सलाइन लावताना बी१ जीवनसत्त्वाचं, म्हणजे थायमिनचं, मीच विचारलं. सतत उलट्या झाल्या की ते संपतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. ज्युनिअर डॉक्टरने न कुरकुरता आधी थायमिन दिलं. एक तारा त्याचाच.

फाइलच्या प्रती मागितल्यावर रेकॉर्डवाल्यांनी तोंड वाकडं केलं. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांत ७२ तासांची मुदत आहे, एवढं सांगितलं. दिल्या मुकाट्याने. झेरॉक्सचे पैसे मात्र अव्वाच्या सव्वा.