नाणं उचललं हे ओळखायचं कसं: टच्ड, अंतर की ओव्हरलॅप?

रोब्लॉक्स या खेळ बनवण्याच्या मंचावर पंचवीस-तीस नाणी जागच्या जागी फिरत ठेवायची असतील, तर टच्ड इव्हेंट (दोन भाग टेकले की मिळणारी सूचना) पुरतो. नाण्याचं अँकर्ड (जागी स्थिर) आणि कॅनटच (स्पर्श नोंदवणं) चालू ठेवा, कॅनकोलाइड (इतरांना अडवणं) बंद करा. त्यानं टच्डला काही बाधा येत नाही.

घोळ होतो तो मोजणीत. आर15 प्रकारच्या पात्राच्या शरीराचे 15 भाग असतात आणि प्रत्येक भाग टेकला की इव्हेंट वेगळा येतो. म्हणून एका नाण्याचे तीन-चार गुण पडतात. फंक्शनच्या सुरुवातीलाच नाण्यावरचा 'उचललं' हा अ‍ॅट्रिब्यूट (त्यावर लावलेली खूण) तपासा आणि लगेच ट्रू करा, गुण त्यानंतर. मध्ये टास्क.वेट (काही वेळ थांबा) घातलंत तर सगळं मुसळ केरात! दुसरी चूक हिट.पेरेंटवर, म्हणजे टेकलेला भाग ज्या वस्तूच्या आत आहे तिच्यावर, विसंबण्याची. हातातली तलवार नाण्याला लागली तर पेरेंट असतो टूल, पात्र नव्हे. फाइंडफर्स्टअँसेस्टरऑफक्लास वापरून पात्राचं मॉडेल शोधा, मग गेटप्लेयरफ्रॉमकॅरेक्टरनं खेळाडू.

टच्डला हालचाल लागते ती फिजिक्सची. चुंबक घेतल्यावर नाणी सीफ्रेम (जागा आणि दिशा) बदलून खेळाडूकडे ओढायची असतील, तर टच्ड येईलच याचा भरवसा नाही. तिथे अंतर मोजा: नाणं आणि ह्युमनॉइडरूटपार्ट (पात्राचा मूळ भाग) यांच्या पोझिशनची वजाबाकी, तिचा मॅग्निट्यूड (लांबी). पात्राचा मूळ वेग सेकंदाला 16 स्टड (रोब्लॉक्समधलं लांबीचं एकक), म्हणजे 0.1 सेकंदात 1.6 स्टड, 4 स्टडची त्रिज्या आरामात पुरते. तपासणी 0.5 सेकंदांवर नेलीत तर मधे 8 स्टड जातात आणि खेळाडू नाण्यातून आरपार पळतो. खर्चही बघा: 200 नाणी, 20 खेळाडू, सेकंदाला 10 फेऱ्या म्हणजे 40,000 तुलना.

एवढी नाणी असतील तर ओव्हरलॅपची पद्धत, म्हणजे दिलेल्या त्रिज्येतले भाग शोधणारं गेटपार्टबाउंड्सइनरेडियस, बरं. दर फेरीत प्रत्येक खेळाडूमागे एकच विचारणा. ओव्हरलॅपपॅरम्समध्ये (या विचारणेच्या अटी) फिल्टर इन्क्लूड ठेवून फक्त नाण्यांचा फोल्डर द्या. नाण्यांचं कॅनक्वेरी (विचारणेत दिसणं) चालू हवं, नाहीतर यादी रिकामी येते आणि एररही दिसत नाही. (कॅनकोलाइड चालू असताना कॅनक्वेरी बंद करता येत नाही, पण नाण्यांचं कॅनकोलाइड बंदच असतं, त्यामुळे कॅनक्वेरी चुकून बंद होऊ शकतं.)

गुणांवर खरेदी किंवा क्रमवारी अवलंबून असेल तर टच्डवर डोळे झाकून विश्वास नको. पात्राचं फिजिक्स खेळाडूच्याच यंत्रावर चालतं, त्यामुळे खोटा स्पर्श पाठवता येतो. टच्ड ठेवा, पण गुण देण्याआधी सर्व्हरवर अंतर तपासा. लॅग धरून 12 स्टडची मर्यादा चालते.